इंटरनेट नसल्याचा अर्ज

शाळेत इंटरनेट नाही, हे शिक्षण कार्यालयाला पाच वाजेपर्यंत इंटरनेटवरूनच कळवायचं होतं. नाहीतर गावात येणारा मोबाइल टॉवर विसरा. मास्तर पाण्याच्या टाकीवर चढले, तरी अर्ज तीनदा अडकला. रडकुंडीला येऊन त्यांनी परदेशातल्या मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, इथे भुयारातसुद्धा नेट पळतं! पासवर्ड सांगा, मीच भरतो."

"भर रे बाबा, पोरांची परीक्षा यंदा नेटवर आहे."

अर्ज चुटकीसरशी गेला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. "मास्तर, तुमचा अर्ज चार सेकंदांत पोहोचला. एवढा वेग आमच्या साहेबांकडेही नाही. टॉवर रद्द."

"अहो, तो मेहुण्याने परदेशातून भरला!"

"मग परीक्षाही त्यालाच द्यायला सांगा."

मास्तर वर्गात आले, तेव्हा बावीस पोरं एका सुरात विचारत होती, "टॉवर कधी?"