रविवारचा जाड अंक

पडद्यावरची लाल रेघ त्याने तिसऱ्यांदा पुसली, आकडे पुन्हा भरले, आणि ती पुन्हा वरच चढली. निळी तशीच उतरत होती. निळी आपली, लाल शेजारच्या देशाची. दोन्ही देशांनी वर्षानुवर्षं बाहेरून किती किमतीचा वृत्तपत्री कागद आणला, त्याचा हा आलेख उद्याच्या अंकात जायचा होता. ऑफिसात त्याला सगळे रेघोट्या म्हणत. आज मात्र रेघोट्याला खुर्चीत धड बसवत नव्हतं.

लाल रेघेच्या देशात त्याची ताई होती. भावोजी तिथल्या एका दैनिकाच्या छापखान्यात फोरमन. ‘तू ये तर खरा, हे देतील तुला कुठेतरी चिकटवून,’ असं ती दर फोनला म्हणायची. त्याचा राजीनामा सकाळपासून खिशात होता आणि देण्याचा धीर होत नव्हता. इथलं दैनिक तर रोडावतच चाललं होतं. शेजारच्या टेबलांवर आता नुसती धूळ बसत होती.

ताईचं लग्न झाल्यापासून बहीणभावाचा एक खेळ होता. रविवारी फोन करायचा आणि कोणाचा अंक जाड ते सांगायचं. आधी तो जिंकायचा. हल्ली ताईच बाजी मारायची. ‘आमचा बत्तीस पानी! तुमच्याकडे काय, हँडबिल आलं का?’ असं वर खिजवायची.

संपादक मागे येऊन उभे राहिले.

“झालं का रे?”

“होतंय.”

“मथळा ठरलाय. शेजारी पुढे, आपण मागे. झोंबलं कुणाला तर झोंबू दे.”

ते गेले. हाताला चाळा म्हणून त्याने पडद्यावरचा आकड्यांचा तक्ता बाजूला सरकवला. किमतीच्या रकान्याशेजारी वजनाचा रकाना होता. त्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, त्यानेही नाही. शेजारच्या देशाचे टन दरवर्षी घटत निम्म्यावर आले होते. तिथलं चलन कोसळून त्यांच्या पैशात कागद कैकपट महागला, म्हणून रेघ चढत होती. कागद मात्र आपल्यापेक्षाही वेगाने आटला होता. मग ताईची बत्तीस पानं कुठून येत होती?

जिन्यात जाऊन त्याने फोन लावला.

“ताई, रविवारचा अंक किती पानी होता?”

“बत्तीस. का रे? आज मध्येच?”

“भावोजींना दे जरा.”

“ते कामावर...”

तिच्यामागे भावोजींचा खोकला स्वच्छ ऐकू आला.

“छापखाना कधी बंद झाला, ताई?”

“हिवाळ्यात.” तिचा आवाज खाली आला. “दिवसभर खिडकीशी बसतात रे. माझ्याशी बोलत नाहीत. तू आलास तर तुझ्याशी तरी दोन शब्द बोलतील, म्हणून म्हणत होते. आता नको येऊस. आहे ती नोकरी सांभाळ.”

त्याला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. इतके रविवार तिचं हसणं ऐकलं आणि आपल्याला काही कळू नये!

वर येऊन त्याने पहिल्या आलेखाखाली वजनाचा दुसरा आलेख काढला. दोन्ही रेघा शेजारीशेजारी उतरत गेल्या. संपादकांनी चष्मा वर केला.

“अरे, यात मथळा कुठे राहिला?”

“नाही राहिला,” तो म्हणाला, आणि खिशातला राजीनामा त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला.

“तिकडे नोकरी लागली वाटतं?”

“नाही. भावोजींजवळ जाऊन बसायचंय.”