फ्लॉसीच्या हातच्या गोळ्या

होळी गावातल्या फ्लॉसीमावशीसारखी सासू लाखात एक, असं आशा सेविका जयवंती आरोग्य केंद्रात सांगत सुटली होती. सून सँड्रा पाच महिन्यांची गरोदर, त्यात टीबी निघालेला, नवरा जेन्सन जहाजावर नोकरीला. पण मावशीने ना तिचं ताट वेगळं केलं, ना तिला माहेरी धाडलं. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या सुनेच्या हातावर ठेवायच्या, तिने गिळलेल्या बघायच्या आणि मगच वाडीला पाणी लावायला जायचं. जयवंतीने खुशाल पाकिटं तिच्याच ताब्यात दिली.

तीन आठवडे झाले तरी खोकला हटेना, वजन वाढेना. पाकिटं मात्र रोजच्या रोज रिकामी होत होती. त्या दिवशी साखर तपासायला म्हणून सँड्राने लघवीची बाटली आणून दिली आणि जयवंतीने ती उजेडात धरून पुन्हा बघितली. टीबीच्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. हिची पाण्यासारखी होती. सँड्राला हे सांगायचंच राहिलं होतं. सांगितलं होतं ते सासूला.

फ्लॉसीने आढेवेढे घेतले नाहीत. एकवीस दिवसांच्या गोळ्या तिने तांदळाच्या डब्यातून काढून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या जागी ती सुनेला लोहाच्या गोळ्या देत होती. रंग लालसरच, कोण बघतंय? तिने स्वतःच्या पहिल्या खेपेला तापावर गोळ्या घेतल्या आणि आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. सुनेसमोर ती हे पहिल्यांदाच बोलत होती. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मावशीने तर ताकच ओतून दिलं होतं.

"बाय, परत तेच माझ्या हाताने कसं करू?"

जयवंतीला राग आला होता, मावशीचा आणि त्याहून स्वतःचा.

"तुमचं बाळ कशाने गेलं ते मला ठाऊक नाही, मावशी. पण या गोळ्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळाचा विचार करूनच दिल्यात. टीबी वाढला तर दोघंही हातची जातील."

दुपारी तिघी डॉक्टरांकडे गेल्या. बाळाचे ठोके नीट होते. औषध उद्यापासून नव्याने सुरू करायचं ठरलं. गोळ्या द्यायला आता मीच रोज येईन, असं जयवंतीने बजावलं.

सकाळी जयवंती पोचली तेव्हा सँड्राने तिला खुर्ची दिली.

"तुम्ही बसा, ताई. मम्मीच देईल."

जयवंतीने गोळ्यांचं पाकीट फ्लॉसीच्या हातात दिलं. सँड्राने आधी पाकीट मागून घेतलं, त्यावरचं औषधाचं नाव सावकाश वाचलं, गोळ्या मोजल्या. तोवर फ्लॉसी पाण्याचा पेला धरून तिच्यासमोर उभी राहिली.