मेख

करमाडच्या आमच्या रानात घर आणि घळ यांच्यामध्ये अंगण आणि तुरीच्या चार ओळी, एवढंच. आणि माझी लेक अक्षदा आता पळायला लागलीय. दर पावसात घळीचा काठ ढासळतो, वरची माती नाल्यात जाते. मे महिन्यात सरकारी जमीन सर्वेक्षणाच्या मोनाली मॅडमनी काठापासून सहा फुटांवर लोखंडी मेख ठोकून घेतली.

"तुम्ही बी.एस्सी. आहात ना? दर महिन्याला मेखेपासून काठापर्यंत टेप धरा, वहीत लिहा. घळ किती सरकते, त्यावरून जमिनीची तब्येत कळते. जास्त सरकेल तिथं आधी दगडी बांध."

मी लिहीत गेले. जून, सहा फूट. जुलै, सहा. ऑगस्टात काठावरची बोर मुळासकट खाली गेली, तरी टेप सहाच म्हणाला. नवऱ्याला, रामहरीला, म्हटलं, घळ जवळ येतेय.

"तुला सगळंच जवळ येताना दिसतं," तो म्हणाला. मग मीही स्वतःवरच चिडले.

काल मॅडम आल्या. वही चाळली. "इथली जमीन बरी आहे. बांध आधी शेजारच्या अजिनाथच्या शेताला देऊ."

सासरे, मुंजाबामामा, शेळ्या घेऊन तिथंच उभे होते. खूश झाले. "बरी राहणारच. म्या ध्यान ठिवतो ना."

"कशाचं, मामा?"

"मेखंचं. मोठा पाऊस झाला की काठ जवळ यायचा. पडली असती खाली, सरकारी चीज. मंग उपटून माघं ठोकायचो. शेळीची मेख ढिली झाल्यावर सरकवतोच की. सहा फूट बराबर, काठीनं मोजून."

"किती वेळा?" मी विचारलं.

"तीनदा. का चारदा."

मॅडमनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "अंदाज लिहिता येत नाही हो. पुढच्या वर्षीचं मोजमाप बघू."

मामा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. "चुकलं का काय माझं?" मी मॅडमच्या हातातून वही परत घेतली.

मॅडम गेल्यावर मी टेपचं एक टोक घराच्या उंबऱ्यावर दगडाखाली दाबलं, दुसरं मामांच्या हातात दिलं. काठापर्यंत बेचाळीस फूट.

"उंबरा तर नाय ना सरकवायचा?" मामा हळूच म्हणाले.

मी वहीचं नवं पान काढलं. अक्षदा ताणलेल्या टेपच्या कडेनं घळीकडं पळत निघाली होती.

"टेप सोडा मामा, आधी हिला धरा."