कुमाने मागितलेली काडतुसं

"घे, घालून बघ!" स्वेतोझारने रशियन काडतूस रादोयकोच्या नाकासमोर धरलं. "माझं नको ऐकूस. तुझ्या बंदुकीलाच विचार."

पहिल्या महायुद्धात माघार घेऊन कोर्फू बेटावर आलेल्या सर्बियन फौजेची रांग लागली होती. कुणाकडे देशी माउझर, कुणाकडे रशियन बंदूक. आता सगळी जमा करायची आणि फ्रेंच घ्यायची. दोस्तांच्या फौजेत यापुढे एकच बंदूक, एकच काडतूस. रांग सरली की पुरावाच हातचा जाणार, म्हणून स्वेतोझारचा जीव टांगणीला लागला होता.

रादोयकोचा थोरला भाऊ ओब्रेन हा स्वेतोझारचा कुम, म्हणजे त्याच्या लेकराच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला माणूस. कुमाने मागावं आणि आपण नाही म्हणावं, असं त्यांच्याकडे सात पिढ्यांत घडलं नव्हतं. पण आल्बेनियाच्या डोंगरात शत्रू पाठीवर आला, तेव्हा शेजारच्या पलटणीतला ओब्रेन बर्फातून सरपटत आला.

"कुमा, माझी संपली. मूठभर दे!"

स्वेतोझारचा पट्टा काडतुसांनी भरलेला होता. "अरे, माझी रशियन आहेत, तुझ्यात बसायची नाहीत!"

ओब्रेन रिकामी बंदूक घेऊन परत गेला आणि मेला. गाववाल्यांनी लांबून एवढंच पाहिलं, की कुमाने हात पसरला आणि याने मान हलवली. तेव्हापासून रादोयको त्याला बघून थुंकायचा. उद्या गावी गेलं तर कोण दारात उभं करणार?

रादोयकोने काडतूस घेतलं, ओब्रेनसारख्याच आपल्या माउझरमध्ये सारलं. बोल्ट अडला. तळहाताने ठोकून पाहिलं, शिवी हासडली, पुन्हा ठोकलं. जाडजूड काडतूस नळीच्या तोंडाशीच अडून बसलं.

"पटलं?" स्वेतोझार म्हणाला. "देवाशपथ, दिली असती रे!"

"पटलं." रादोयकोने काडतूस उपसून परत दिलं. स्वेतोझार त्याला मिठी मारायला पुढे झाला, पण तो जागचा हलला नाही. "काडतूस बसत नव्हतं, खरंय. मग बंदूकच का नाही दिलीस, पट्ट्यासकट?"

"मग मी कशाने लढणार होतो?"

"हं. तेच," म्हणत रादोयको रांगेत पुढे सरकला. आपली माउझर टेबलावर टाकून तो मागे न बघता निघून गेला.

स्वेतोझारची पाळी आली. त्याने बंदूक टेबलावर ठेवली, पण मूठ सुटेना.

"सोड की बाबा!" हवालदार करवादला. "दुसरी देतोय ना! तुला काय कुणी रिकाम्या हाताने पाठवतंय का?"