लेस हेझलचा आकडा

शुक्रवारी संध्याकाळी मिलचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात बाबा परसात ओंडक्यावर चढून उभा राहिला. केसांतला भुसासुद्धा झटकला नव्हता. मी दर शुक्रवारसारखीच होबार्टहून आले होते, ह्या वेळी जत्रेसाठी, आणि माझी जागा ठरलेली होती: कोपऱ्यातल्या कुजक्या बुंध्यापाशी, हातात जुनी कुऱ्हाड घेऊन.

"तयार का, विने?"

"बाबा, मी ग्रंथपाल आहे. कुणी बघितलं तर?"

"म्हणून तर तुला ठेवलीय. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

पत्र्याच्या कुंपणापलीकडे शेजारचे क्लॅरीकाका त्यांच्या व्हरांड्यात बसले होते. एका हातात चहा, दुसऱ्या हातात घड्याळ. मिलमध्ये ते करवतींना धार लावत, आणि जत्रेतल्या लाकूडतोडीच्या शर्यतीत कुणी कधी सुरुवात करायची ते ठरवत. आमच्याकडे सगळे एकदम कुऱ्हाड उचलत नाहीत. मोजणी सुरू होते. कच्चा गडी तीन-चारलाच घाव घालतो. पक्क्याला पंधरा-वीसपर्यंत दातओठ खात उभं राहावं लागतं. कुणाचा आकडा किती, हे काकांचे कान ठरवत. ते गावभर कुंपणाआडून ऐकत हिंडत.

तरुणपणी बाबा खरंच बेताचा होता. आई गेल्यावर मात्र त्याने संध्याकाळी दुसरं काही केलंच नाही, आणि पन्नाशीनंतर त्याचा हात असा बसला की त्याचं त्यालाच हसू यायचं. ही बातमी कुंपणापलीकडे जाऊ द्यायची नव्हती. त्याचा आकडा पाचच राहायला हवा होता. विजेत्याच्या खांद्यावर घालतात तो निळा पट्टा त्याला एकदा, फक्त एकदा, हवा होता. नोरीन आत्याच्या नवऱ्याकडे असले दोन होते, काचेच्या चौकटीत. आमच्या भिंतीवर कॅलेंडर. म्हणून बाबा वर्षभर आसपासच्या जत्रांतून मन लावून हरत आला होता.

त्याने कुऱ्हाड उचलली. मोठाल्या ढलप्या माझ्या पायापर्यंत उडत आल्या. अर्धा ओंडका कापून तो गर्रकन वळला, आणि मला वाटलं त्याच्या कितीतरी आधी दोन तुकडे गवतावर पडले होते. लगेच मी माझा बुंधा बडवायला लागले. धप्. धप्. बाबा तुकड्यावर बसला, सिगारेट पेटवली आणि ठसका लागून खोकत सुटला.

"काय रे लेस," पलीकडून आवाज आला, "अजून चाललंय? उद्या तुझ्यासाठी कंदील आणावा लागणार वाटतं!"

"तोडताना बोलायला लावू नकोस रे!" बाबा बसल्या बसल्या ओरडला, आणि मला हाताने खूण केली, चालू ठेव, चालू ठेव. मी हसू दाबत बुंध्यावर घाव घालत राहिले.

रात्री आम्ही बेकरीतले शिंपल्यांचा रस्सा भरलेले पॅटिस खाल्ले. "उद्या क्लॅरीचं तोंड बघ फक्त," बाबा म्हणाला. "पट्ट्यापेक्षा मला ते जास्त बघायचंय." मग ताट धुऊन झोपायला गेला.

सकाळी मी चहा घेऊन गेले. तो उठला नाही.

समितीने जत्रा घेतली, पण लाकूडतोड पुढच्या शनिवारवर ढकलली. दफनानंतर माणसं आमच्या घरी आली, सँडविच खाल्ली, मिलमधल्या गोष्टी सांगितल्या आणि गेली. क्लॅरीकाका मागे राहिले. त्यांनी चहाचा कप बशीत दोनदा फिरवला.

"पोरी, तू कुऱ्हाड बरी चालवतेस."

मी रिकाम्या बशा गोळा करायला लागले.

"माणूस खोकतोय, वर मला ओरडतोय, आणि घाव चालूच! त्याला काय चार हात होते?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर माझ्या संध्याकाळी कशा गेल्या असत्या?" काका पुढे झुकले. "जत्रेच्या फळ्यावर मी मुद्दाम पाच लिहिले होते. तो ओंडक्यावर चढला, की सगळ्या गावासमोर म्हणणार होतो, लेस, थांब जरा, तुझे अठरा. वर्षभर मी ह्या एका गोष्टीची वाट बघत होतो. त्याचं तोंड बघायचं होतं मला. आणि हा गडी आदल्या रात्रीच निघून गेला." त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मग मुद्द्यावर आले. आमच्याकडे कुऱ्हाडबाज गेला, की पुढच्या शर्यतीआधी त्याचा ओंडका रांगेत मांडतात, वर त्याची कुऱ्हाड ठेवतात. मोजणी होते आणि त्याच्या आकड्यावर थांबते. मैदान टोप्या काढतं.

"कितीवर थांबू?" काकांनी विचारलं.

"पाच!" नोरीन आत्या स्वयंपाकघरातूनच कडाडली. "फळ्यावर पाच आहे ना? मग पाच. मेलेल्या माणसाला लबाड ठरवता का?"

"अगं, पाच म्हणजे शिकाऊ पोरांत गेला तो."

"जाऊ दे पोरांत! आत्ताच पाद्र्याने त्याला सरळमार्गी म्हटलंय, चाळीस माणसांदेखत. आता त्याचं काय करू?"

"विनी ठरवेल," काका म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

उरलेला आठवडा मी त्यावरच घालवला. पाच म्हटलं तर बाबा सज्जन राहणार होता, आणि कच्चा. अठरा म्हटलं तर पक्का, आणि लबाड. रोज रात्री मी दोन्ही आकडे कागदावर लिहायचे आणि खोडायचे. आत्या रोज सूप घेऊन यायची आणि जाताना दारात पाच बोटं दाखवायची.

शनिवारी मैदानावर ओंडके रांगेत मांडले होते. बाबाच्या ओंडक्यावर त्याची कुऱ्हाड. बाकीचे गडी कुऱ्हाडी खाली टेकवून उभे. मी काकांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहत मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन. चार."

लोकांचे हात टोप्यांकडे गेले.

"पाच," काका म्हणाले आणि अडखळले. मी मान हलवली. नाही.

"सहा. सात."

"क्लॅरी, अरे पाच!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हातारा झालास काय?"

"आठ. नऊ."

"त्याला कुणीतरी थांबवा रे!" अर्ध्यांच्या टोप्या हातात, अर्ध्यांच्या डोक्यावर. आत्याने पर्स तोंडावर धरली होती. काका आता हसू आवरत होते, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठ्याने म्हणत होते. सोळाला मैदान गप्प झालं. "सतरा. अठरा."

ते थांबले.

मग आत्याचा नवरा, दोन पट्ट्यांचा मालक, रांगेतून पुढे आला. बाबाच्या ओंडक्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

"अरे लबाडा!" तो म्हणाला. "वर्षभर माझ्या शेजारी उभा राहून धापा टाकत होतास! मी तुला पाणी आणून देत होतो रे!"

सगळ्या मैदानात हशा फुटला. माणसं गुडघ्यांवर हात ठेवून हसत होती. मिलमधला कुणीतरी बाबाच्या धापा टाकण्याची नक्कल करून दाखवत होता, आणि ती हुबेहूब होती. टोप्या सगळ्यांच्या उतरल्या होत्या. आत्यासुद्धा पर्सआड हलत होती. रडत होती की हसत, ते कळलं नाही.

मी ओंडक्यापाशी गेले. परसात इतक्या संध्याकाळी मी त्याच्यापासून चार हातांवर उभी असायचे, आणि एकदाही काही बोलता आलं नव्हतं. कुंपण पत्र्याचं, पलीकडे काकांचे कान. कौतुकाचा एक शब्द गेला असता तर सगळंच फुटलं असतं. आता लपवायचं कुणापासून?

मी मोठ्याने म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं:

"बाबा, काय सुरेख तोडायचास रे तू!"