कपाटातली डिस्क

भाजीतलं मीठ कमी झालं तेव्हाच गोटीरामअण्णांना शंका आली. मग लोणच्याची बरणी दिसेनाशी झाली. मुलगा सुनील फोन आला की ओट्यावरून उठून पार विहिरीकडे जाऊन बोलायला लागला. अण्णा फुलांचं क्रेट उचलायला वाकले की बायको, आक्काबाई, म्हणायची, "राहू द्या, सुनील उचलंल."

मखमलाबादला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. दिवाळीत तिथंच अण्णांना चक्कर आली होती. दवाखान्यात छातीला तारा लावून तपासलं, पण डॉक्टर बोलले ते सुनीलशीच. घरी येताना सुनील म्हणाला, "पित्त हाय अण्णा." पित्ताला एवढ्या तारा कशाला लागतात, हे कोडं काही सुटलं नाही. पौषात आक्काबाई अचानक चार दिवस चांदवडला बहिणीकडे गेली. माझ्यासाठी देवीला नवस बोलायला गेली असणार, असं अण्णांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

आणि फाल्गुनातल्या एका दुपारी लाईटबिल शोधताना कपाटात साडीच्या घडीखाली दवाखान्याचं पाकीट सापडलं. आत एक डिस्क. वर नाव नाही, नुसता नंबर खरडलेला. अण्णांनी ती उजेडाकडे धरून बघितली. त्यांच्या छातीतलं सगळं या डिस्कमध्ये होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी ते बघितलं होतं. त्यांनीच तेवढं नाही.

सुनील कंपनीत होता, आक्काबाई शेजारी हळदीला गेलेली. अण्णांनी टीव्हीखालचा जुना डिस्क प्लेअर पुसला. नवा टीव्ही आल्यापासून तो पडून होता. सुनील म्हणायचा, बंद पडलाय. त्यांनी पिवळी, लाल, पांढरी वायर रंग बघून टीव्हीत खोचली. प्लेअरचा दिवा लागला, डिस्क आत गरगरली, पण पडदा काळाच.

म्हणजे हेही कुणीतरी मुद्दाम करून ठेवलंय.

त्यांनी मनोजला फोन लावला. पंचवटीतल्या त्याच्याच दुकानातून प्लेअर घेतला होता.

"काका, दिवा लागतोय ना? मग प्लेअर चांगला आहे," मनोज म्हणाला. "त्याला मागं चित्र बाहेर पाठवायच्या तीन-चार वाटा असतात. सेटिंग एका वाटेची अन् वायर दुसरीला, असं झालंय."

"कुणी केलं आसंल?"

"बटण चुकून दाबलं तरी होतं."

चुकून. अण्णांनी हुंकार भरला.

"आधी टीव्ही एव्हीवर घ्या, म्हणजे तो वायरीतलं चित्र दाखवंल. आता मेन्यूच दिसत नाही म्हटल्यावर मेन्यूतून बदलता येणार नाही. प्लेअरच्या रिमोटवर व्ही-मोड लिहिलेलं बटण आहे. डिस्क थांबवा, ते एकदा दाबा, जरा थांबा. नाही आलं तर परत दाबा."

अण्णांनी चष्मा वर सरकवला. एकदा दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा नुसतेच पट्टे आले. तिसऱ्यांदा मात्र कंपनीचं निळं चित्र लख्ख उमटलं.

"आलं. पण वर-वर पळतंय."

"सेटअपमध्ये जा. टीव्ही टाइप असं असेल, तिथं पी-ए-एल करा, आपल्याकडचे टीव्ही त्यावरच चालतात."

चित्र थांबलं. अण्णांनी डिस्क सुरू केली. करड्या पडद्यावर एक काळी रेघ वळत वळत उतरली, तिला फांद्या फुटल्या, सगळं एकदा आकसलं आणि विरून गेलं. परत तेच.

"मनोज, रंग नाय येत."

"मघाशी कंपनीचं चित्र निळं दिसलं ना? मग सेटिंग बरोबर आहे. ती डिस्कच काळी-पांढरी असेल. कसली आहे?"

"आहे एक," म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

एका जागी रेघ फार बारीक झाली होती, ठिबकची नळी दगडाखाली दबावी तशी. ते उठून पडद्याला नाक लावून उभे राहिले. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती. खताच्या गोण्या वाचून वाचून त्यांना तेवढं जमायचं. पहिलं अक्षर जी नव्हतं. ए होतं. मग के, परत के. आक्काबाई. वय एकसष्ट.

ते मागं सरून खाटेवर बसले. आपण गेल्यावर मळ्याला पाणी कोण देईल, याचा घोर त्यांनी गेले दोन महिने लावून घेतला होता. विहिरीवरून येताना आक्काबाई हल्ली मधेच का थांबते, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

आक्काबाई आली ती दारातच थबकली. पडद्यावर तिचंच काळीज हलत होतं.

"चांदवडला गेली नव्हतीस तू," अण्णा म्हणाले.

"नाय. चार दिवस इथंच दवाखान्यात होते. काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवलीय. हे आधीचं हाय, आता बरं हाय."

"मला का नाय सांगितलं?"

"तुमी दिवाळीत मळ्यात पडलात. डॉक्टर म्हणले, पित्तच हाय, पण जिवाला लावून घेत्यात. मग कोणत्या तोंडानं सांगू?" तिनं पदरानं मान पुसली. "सुनीलला मीच शपथ घातली होती."

"आन् मीठ?"

"माझं वेगळं शिजवलं आसतं तर तुमी इचारलं आसतं."

"मला वाटलं, मीच चाललो."

तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि ती शेजारी बसली. राग होताच, संध्याकाळी सुनील आल्यावर अण्णा त्याच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. पण पुढच्या मंगळवारच्या तपासणीला तेही तिच्या आणि सुनीलच्या बरोबर गेले. दवाखान्याच्या खिडकीवर मिळालेला प्रत्येक कागद त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि डॉक्टरांसमोरची खुर्ची सुनीलच्या आधी धरली.

"आता मला सांगा," ते म्हणाले. "सगळं."