एकोणपन्नास चौकटी कपाटामागे

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. जुना म्हणजे वरच्या बाजूला पिवळा पडलेला, एका कोपऱ्याला दुमडलेला आणि अंगभर डिंकाचे डाग मिरवणारा. तरी माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि स्वतःबद्दल बोलायची संधी मिळाली की मी ती सोडत नाही. शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या व्हरांड्यात एका मजबूत खिळ्याला मी टांगलेला असतो. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘शाळेनंतर काय?’

मला घडवलं भूगोलाच्या एका बाईंनी. निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात, पण आमच्या बाईंना आरामाचं वावडं. छत्री आणि वही घेऊन त्या आठ महिने गावभर हिंडल्या. जे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते तक्त्यावर लिहायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्या बेकरीच्या भट्टीपाशी उभ्या राहिल्या, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या मागोमाग गच्चीवर चढल्या, चष्म्याच्या काचा घासणाऱ्याकडे बसल्या, नकाशे काढणाऱ्यांच्या कचेरीत तर तीनदा गेल्या. प्रत्येकाला त्या तीन गोष्टी विचारायच्या. काम काय करता, कुठे शिकलात, आणि कंटाळा कशाचा येतो?

तिसऱ्या प्रश्नाला माणसं आधी हसायची आणि मग खुर्ची पुढे ओढून बसायची. घड्याळवाला म्हणाला, “लोक डोक्यावर उभे राहून विचारतात, अजून किती वेळ? त्याचा.” पाऊस मोजणारी ताई म्हणाली, “सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे उठण्याचा.” बाईंनी सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की काय आवडतं ते कुणीही गोड करून सांगतं, पण कंटाळ्याबद्दल माणूस खोटं बोलत नाही. ज्या कामातला कंटाळा आपल्याला झेपतो, ते काम आपल्याला जमतं.

अशा बावन्न कामांच्या बावन्न चौकटी झाल्या. आता छापखान्यात वाद पेटला. बाईंना सगळ्या चौकटी सारख्या हव्या होत्या. छापखान्याचे मालक म्हणाले, “बाई, सगळ्यात वर डॉक्टर, इंजिनीअर आणि मोठा अधिकारी मोठ्या अक्षरांत टाका. नाहीतर तुमचा तक्ता कुणी फुकटसुद्धा घेणार नाही.” बाई दोन दिवस रुसल्या आणि शेवटी हो म्हणाल्या. तिथेच माशी शिंकली, पण ते कळायला बराच काळ जायचा होता.

माझी शंभर भावंडं छापली गेली. बाकीची कुठे गेली ते ठाऊक नाही. मी मात्र या शाळेत आलो आणि पहिलं वर्ष राजासारखा जगलो. मी पुरुषभर उंच. माझी शेवटची ओळ मुलांच्या गुडघ्यापाशी यायची. मधल्या सुट्टीत मुलं मांडी घालून माझ्यासमोर बसायची आणि कुणाचा कंटाळा सगळ्यात भारी यावर भांडायची. त्या गोंगाटाची मला इतकी सवय झाली की रविवारी मला करमायचं नाही.

मग शाळेनं खेळाच्या स्पर्धा जिंकल्या आणि ढाली ठेवायला एक लोखंडी कपाट आलं. शिपाईकाकांनी ते माझ्यासमोर लावलं आणि मला म्हणाले, “दोनच दिवस हं.” शिपाईकाका भिंतींशी, घंटेशी, माझ्याशी, सगळ्यांशी बोलतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्यांचे दोन दिवस अकरा वर्षं चालले.

कपाटाच्या वर माझी एकच ओळ दिसत राहिली. डॉक्टर, इंजिनीअर, अधिकारी. बाकीच्या एकोणपन्नास चौकटी लोखंडाच्या पाठीला चिकटून अंधारात. मित्रांनो, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पोटात इतकं काही असून तोंडातून तीनच शब्द निघावेत, अशी माझी गत झाली.

त्याच सुमाराला गणिताचे एक तरुण सर शाळेत आले. नव्या माणसाच्या गळ्यात सगळे नको असलेले तास पडतात, तसा त्यांच्या गळ्यात मार्गदर्शनाचा तास पडला. वर्षातून एकदा ते दहावीच्या वर्गाला माझ्यासमोर आणायचे आणि फूटपट्टीनं माझी वरची ओळ ठोकायचे. “ऐंशी टक्क्यांच्या वर असाल तर हे, हे किंवा हे.” एखादं पोर विचारायचं, “आणि ऐंशीच्या खाली?” सर फूटपट्टी काखेत धरून म्हणायचे, “बघू.” मुलांनी त्यांचं नावच बघूसर ठेवलं. सर मनानं वाईट नव्हते. त्यांनी मला पाहिलं तेच कपाटाच्या वर, त्यामुळे तक्ता एवढाच आहे असं त्यांना वाटायचं.

आता खुडबुडीची गोष्ट. दहावीतल्या एका मुलीला सगळे खुडबुडी म्हणायचे, कारण तिचे हात कधी स्वस्थ नसत. बाकाची सैल फळी, वर्गाच्या दाराची कडी, मैत्रिणीच्या दप्तराची चेन, काही मोडलं की खुडबुडीला बोलवा. तिचे आजोबा शनिवारी तिला न्यायला यायचे आणि माझ्याशेजारच्या बाकावर बसायचे. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम होता. तो इतका करकरायचा की आजोबा फाटकाशी असतानाच शिपाईकाका चहाचं आधण ठेवायचे. त्या पायाची सगळी देखभाल खुडबुडीकडे होती. टोचतो तिथे ती जुन्या टोपीचं कापड लावायची, पट्टा बदलायची, घोट्याला तेल घालायची. आजोबा म्हणायचे, “माझा एक पाय देवानं दिला आणि दुसरा नातीनं.”

एका शनिवारी मात्र ती तोंड पाडून आली. तिच्या हातात एक फॉर्म होता. शाळेनंतर काय करणार ते त्यात लिहून, वडिलांची सही घेऊन सोमवारी द्यायचा होता.

“सर काय म्हणाले?” आजोबांनी विचारलं.

“नववीला पंचावन्न टक्के म्हटल्यावर काय म्हणणार? बघू म्हणाले.”

“मग?”

“मग काही नाही. बाबा म्हणतात, सरांनाच काही दिसत नाही तर फॉर्म कोराच दे. दहावी झाली की काकूच्या कापडाच्या दुकानात बस. आजोबा, मला तिथे दिवसभर नुसतं बसवणार नाही हो.” आणि ती खाली बघून आजोबांच्या घोट्याचा स्क्रू आवळायला लागली. डोळे भरलेले असले की हात चुकतो. स्क्रू निसटला, टणटण करत गेला आणि थेट कपाटाखाली.

खुडबुडी फरशीवर आडवी झाली. हात घातला, पट्टी घातली, छत्रीची दांडी घातली. स्क्रू काही येईना. स्क्रूशिवाय आजोबा घरी जाणार कसे? शेवटी शिपाईकाका आले, कपाटाला म्हणाले, “चल बाबा, ऊठ,” आणि खांदा लावला. कपाट जागचं हललं नाही. कार्यालयातून बघूसर बाहेर आले, बाह्या सरसावल्या. “एक, दोन, तीन!” ढाली खणखणल्या, कपाट किंचाळत बाजूला सरकलं, आणि अकरा वर्षांनी माझ्या छातीला वारा लागला.

काय सांगू तुम्हाला. वरची ओळ उन्हानं विटली होती, पण खालच्या एकोणपन्नास चौकटी कालच छापल्यासारख्या ताज्या होत्या. लाल, निळ्या, हिरव्या. सगळे तोंडाचा आ वासून बघत राहिले. खुडबुडी मात्र गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधत होती. तो सापडला माझ्या शेवटच्या ओळीखाली. तिनं तो उचलला, मान वर केली आणि नाकासमोरची चौकट मोठ्यानं वाचली.

“कृत्रिम हातपाय बनवणारा कारागीर. मोठ्या दवाखान्यामागे कार्यशाळा. दहावीनंतर शिकता येतं, गणित आणि विज्ञान लागतं. कंटाळा कशाचा? पाय घासायचा, माणसाला घालून बघायचा, टोचला की परत घासायचा. दिवसभर तेच.”

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग वळून म्हणाली, “आजोबा, याचा कुणाला कंटाळा येतो?”

तिनं हे इतक्या खऱ्या नवलानं विचारलं, की आजोबा हसता हसता रडायला लागले. मीसुद्धा रडलो असतो, पण आम्हा कागदांना ओलावा सोसत नाही.

बघूसर माझ्यासमोर खाली बसले. चष्मा पुसून त्यांनी पहिल्या चौकटीपासून वाचायला सुरुवात केली, ते थेट शेवटपर्यंत. शिपाईकाकांनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा तो गार झाला. शेवटी सर म्हणाले, “अकरा वर्षं मी मुलांना तीनच चौकटी दाखवल्या. पोरी, चुकलं माझं. उद्या रविवार आहे. ती कार्यशाळा उघडी असेल का ते विचारतो. वडिलांना घेऊन ये.”

पुढचं मी पाहिलं नाही, पण आजोबांनी बाकावर बसून शिपाईकाकांना ते इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं आहे. वडील बेकरीत भट्टीवर कामाला. रात्रपाळी करून तसेच आले, केसांत पीठ. “अर्धा तास थांबेन,” त्यांनी आधीच बजावलं. कार्यशाळेतल्या कारागीर मावशी केसांत प्लास्टर घेऊनच पुढे आल्या. त्यांनी खुडबुडीच्या हातात कानस आणि एक टाकाऊ पाय दिला आणि म्हणाल्या, “आतली कड गुळगुळीत कर. बोट फिरवलं तर कळता कामा नये.”

अर्ध्या तासानं वडील भिंतीला टेकून घोरत होते. दोन तासांनी जागे झाले, तर लेक तिथेच. कड घासायची, डोळे मिटून बोट फिरवायचं, परत घासायची. चार तासांनी मावशी किल्ल्या वाजवत आल्या. “दादा, हिला न्या आता. मला कुलूप लावायचंय.” मग हळूच म्हणाल्या, “इथे येणारी मुलं वीस मिनिटांत पाणी प्यायला जातात आणि परत येत नाहीत. ही येऊ दे.”

वडिलांनी लेकीचे पांढरे झालेले हात पाहिले, मग आपले पाहिले. “घरी कणीक मळ म्हटलं की हिचा हात दुखतो,” ते म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं. फॉर्मवर सहीच्या जागी आजही पिठाचा अंगठा आहे.

गणित आणि विज्ञान हवं म्हटल्यावर खुडबुडीनं त्या विषयांशी धरलेली कट्टी सोडली. बघूसर रोज शाळा सुटल्यावर तिला माझ्याशेजारच्या बाकावर कोन आणि मापं शिकवायचे, आजोबांच्या पायावर खडूनं खुणा करून. त्यासाठी आजोबाही रोज यायचे आणि ऐटीत पाय पुढे करून बसायचे.

आणि माझं काय झालं? कपाट गेलं शिक्षकांच्या खोलीत. दर गुरुवारी मुलं एक चौकट निवडतात, ते काम प्रत्यक्ष बघून येतात आणि माझ्यावर चिठ्ठी चिकटवतात. पहिल्यांदा एका मुलीनं माझ्या टंकलेखकाच्या चौकटीवर काट मारली, तेव्हा मला राग आला. आता वाटतं, बरोबरच केलं. ते काम आता त्या जागी राहिलंच नाही, मग मी हट्ट कशाला धरू? माझ्या बावन्न चौकटींच्या आता सत्त्याऐंशी झाल्या आहेत. डिंकानं गुदगुल्या होतात, पण मी तक्रार करत नाही.

परवाच्या गुरुवारी कारागिरांची पाळी होती. पाहुणी म्हणून आली ती आमची खुडबुडी, आता त्याच कार्यशाळेतली कारागीर. खिशात कानस, केसांत प्लास्टर. तिच्याबरोबर आजोबा. त्यांच्या नव्या पायाचा आवाजच येत नाही, त्यामुळे शिपाईकाका दचकले आणि चहाला उशीर झाला. मुलं माझ्यासमोर मांडी घालून बसली, आणि शेवटी एका मुलीनं तो प्रश्न विचारला. “ताई, तुम्हाला कंटाळा कशाचा येतो?”

खुडबुडीनं खूप विचार केला. बघूसरांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. मग म्हणाली, “फॉर्म भरायचा.” सगळा व्हरांडा हसला. तिनं पेन घेतलं, गुडघ्यांवर बसून माझ्या शेवटच्या ओळीतलं कंटाळ्याचं जुनं उत्तर खोडलं आणि तिथे ‘फॉर्म भरायचा’ असं लिहून टाकलं.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर लिहा, खोडा, चिठ्ठ्या लावा, मला फाडलंत तरी डिंकानं जोडा. आणि तुमच्या शाळेत माझं एखादं भावंड असेल, तर त्याच्यासमोर काही ठेवलं आहे का ते आधी बघा. असलं, तर शिपाईकाकांना हाक मारा आणि खांदा लावा.